व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी टेली कन्व्हर्टर: १.५ घ्यावा, १.७ घ्यावा की सरळ २.२?

पाणकाठ

नमस्कार मंडळी, टेली कन्व्हर्टर, म्हणजे भिंगाला जोडून दूरचं आणखी मोठं दाखवणारी काच, घ्यायचा विचार चाललाय आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय म्हणून सरळ इथेच विचारतो.

कॅमेरा हँडीकॅम प्रकारातलाच पण जरा मोठा, भिंग बदलता येत नाही. भिंगाच्या कडेवर ४.१२ ते ९८.९ मिमी आणि १:१.८ ते ४.० असं लिहिलंय, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशोबात साधारण २५ ते ६००. पुढचे आटे ६२ मिमीचे. ४के रेकॉर्ड होतं.

काम मुख्यतः पाणपक्ष्यांचं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर बगळे, पाणकावळे, खंड्या असतात, अंतर ६० ते १०० मीटर, आणि आणखी जवळ सरकलं की उडतात म्हणून सरकत नाही. पण झूम पूर्ण ताणला तरी खंड्या फ्रेममध्ये एवढासा दिसतो, डोळा काय आणि चोच काय कळत नाही. अधूनमधून नाटकाचं शूटिंगही करतो, तेव्हा कॅमेरा प्रेक्षागृहात एकदम मागे असतो.

आता प्रश्न. एक जण म्हणतो २एक्स (दोन पट) लावलास की दोन स्टॉप उजेड गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), नाटकाला विसर. दुसरा म्हणतो पुढे लावायच्या कन्व्हर्टरने उजेड अजिबात जात नाही. दोघंही अनुभवी आहेत, मग खरं काय? आणि १.५, १.७, २.२ पट यातला कुठला घ्यावा? आकडा मोठा तितकं चांगलं असं असेल तर सरळ २.२ च घेतो. ५५ मिमी आट्यांचा एक जुना १.७ वापरलेला मिळतोय, पण माझे आटे ६२ चे, तो चालेल का? आणि नळीवर 'एचडी' लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ असतो का?

---

भिंगरी

दोघंही बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत.

एक असतो मागचा, म्हणजे भिंग आणि बॉडीच्या मध्ये बसणारा. तो भिंगाने तयार केलेली प्रतिमा ताणून मोठी करतो, तोच उजेड जास्त जागेवर पसरतो, म्हणून १.४ ला एक स्टॉप आणि २ ला दोन स्टॉप जातात. टीव्हीवाल्यांच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या भिंगाला खटका असतो, तो दाबला की आतला २एक्स मध्ये येतो, तिथेही हेच. तुमच्या मित्राने हे वापरलं असणार. तुमच्या कॅमेऱ्याला भिंग निघतच नाही त्यामुळे हा प्रकार तुमच्यासाठी नाही.

दुसरा असतो पुढचा, फिल्टरच्या आट्यांवर फिरवून बसवायचा. ही छोटी दुर्बीणच असते, पुढे मोठं बहिर्गोल भिंग आणि मागे लहान अंतर्गोल, गॅलिलिओवाली रचना. समांतर किरण आत येतात आणि समांतरच बाहेर पडतात, फक्त जवळजवळ होऊन. त्यामुळे एफ नंबर, म्हणजे भिंग किती उजेड घेतं तो आकडा (लहान तितका उजेड जास्त), आहे तोच राहतो. पण यात एक अट आहे आणि ती कुठल्याच डब्यावर लिहिलेली नसते, ती म्हणजे पुढची काच पुरेशी मोठी हवी.

किती मोठी ते तुमच्याच आकड्यांवर बघा. ९८.९ भागिले ४ म्हणजे २४.७ मिमी, टेलीच्या टोकाला तुमचं भिंग एवढ्या रुंदीची उजेडाची धार आत घेतं. १.७ लावला की पुढच्या बाजूला हीच धार १.७ पट रुंद लागते, म्हणजे ४२ मिमी. २.२ ला ५४ मिमी. हे फक्त फ्रेमच्या मधल्या बिंदूपुरतं झालं, कोपऱ्यांसाठी वर आणखी थोडी काच हवी. आता एखादा २.२ हातात घेतला आणि पुढची काच जेमतेम ४५ मिमी दिसली तर तो तुमचा एफ/४ एफ/४ ठेवूच शकत नाही, मग डब्यावर काहीही छापलेलं असो. म्हणून कन्व्हर्टर बघायला जाताना आधी पट्टी काढा आणि पुढची काच मोजा, नळी नाही, काच.

'एचडी' या छापील शब्दावर काहीही ठरवू नका. त्यासाठी कुठलीही ठरलेली कसोटी नाही, कुणीही छापू शकतं. जुन्या पाल (पूर्वीची टीव्ही पद्धत) कॅमेऱ्यात ७२० गुणिले ५७६ म्हणजे जेमतेम ४ लाख पिक्सेल असायचे, त्यावर सुबक दिसणारा कन्व्हर्टर तुमच्या ४के च्या ८३ लाख पिक्सेलसमोर साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखं चित्र देऊ शकतो. त्यापेक्षा आत किती काचा आहेत ते बघा. स्वस्तातल्या बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये पुढे एक आणि मागे एक अशा दोनच काचा असतात, मग पांढऱ्या बगळ्याच्या कडेला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवी किनार येणारच. चांगल्यांमध्ये निदान पुढचं भिंग दोन वेगळ्या काचा चिकटवून केलेलं असतं, त्यामुळे रंग फुटणं बरंच आवरतं.

आकड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, १.५ ते १.७ च्या पुढे जाऊ नका. ६०० वर ६० मीटरला तुमच्या फ्रेमची रुंदी साधारण ३.६ मीटर. खंड्या २८ सेंमीचा धरला तर तो फ्रेमच्या तेराव्या हिश्श्यात. १.७ लावून फ्रेम २.१ मीटरची होते आणि पक्षी साधारण आठव्या हिश्श्यात येतो. २.२ लावून साधारण सहाव्या. म्हणजे १.७ नंतरचा फायदा तेवढा मोठा नाही, पण वजन, रंगाची किनार आणि थरथर मात्र चांगलीच वाढते.

---

सरळरेघ

भिंगरी, उत्तम समजावलंत. एक राहिलं, फोकसचं.

कन्व्हर्टर लावला की सगळ्यात जवळचं फोकसचं अंतर पटीच्या वर्गाने वाढतं. टेलीला तुमचा कॅमेरा १.२ मीटरपर्यंत फोकस करत असेल तर १.७ लावून १.७ गुणिले १.७, म्हणजे २.८९ पट, साधारण साडेतीन मीटर. २.२ ला पावणेसहा मीटरच्या आसपास. तळ्याला काही फरक पडत नाही पण जवळच्या झुडपावर चतुर बसला आणि तो घ्यायचा म्हणाल तर कन्व्हर्टर काढावाच लागेल.

याचीच दुसरी बाजू अशी की ३० मीटरवरचा पक्षी तुमच्या कॅमेऱ्याच्या भिंगाला जेमतेम १० मीटरवर असल्यासारखा वाटतो. म्हणून स्क्रीनवर मीटरमध्ये फोकसचं अंतर दिसत असेल तर कन्व्हर्टर लावल्यावर त्याच्याकडे बघूच नका. इन्फिनिटी, म्हणजे अगदी दूरचा फोकस, मात्र इन्फिनिटीलाच राहायला पाहिजे. दूरचा मनोरा किंवा डोंगराची कड घेऊन बघा, कॅमेरा टोकापर्यंत जाऊनही धारदार होत नसेल तर कन्व्हर्टरच्या दोन भिंगांमधलं अंतर बरोबर नाही, तो नग घेऊ नका.

---

निळीधार

माझं थोडं वेगळं मत. कन्व्हर्टर घेण्याआधी एक गोष्ट करून बघा ना, फुकटातली. तुम्ही ४के शूट करताय, म्हणजे ३८४० रुंद. शेवटी व्हिडिओ १९२० रुंदीचाच देणार असाल तर एडिटिंगमध्ये मधला चौकोन कापून घेतला की सरळ २ पट झालं, ६०० चे १२००, काच नाही वजन नाही किनार नाही. मी पक्ष्यांचं बरंचसं काम असंच करते आणि फ्रेम नंतर हवी तशी सरकवता येते हा वर फायदा, उडणारा पक्षी कडेला गेला तरी मधे आणता येतो.

कॅमेऱ्यातला डिजिटल झूम मात्र बंद ठेवा, विशेषतः ४के मध्ये, तिथे तो नसलेले पिक्सेल भरत बसतो.

---

भिंगरी

निळीधार, भर उन्हात तुमचं पटतं आणि पाणकाठ यांनी पहिल्यांदा तेच करून बघावं हेही खरं. पण कापलं की सेन्सरचा फक्त चौथा हिस्सा वापरला जातो. पक्ष्याकडून येणारा उजेड तेवढाच गोळा झाला आणि आपण तो फक्त मोठा करून बघितला, त्यामुळे संध्याकाळी किंवा सावलीत दाणे उठून दिसतात. पुढचा कन्व्हर्टर खरोखर जास्त उजेड गोळा करतो, २४.७ च्या जागी ४२ मिमीच्या काचेतून, म्हणजे त्याच पक्ष्याचा जवळजवळ तिप्पट उजेड सेन्सरवर पोचतो. नाटकाच्या मंद प्रकाशात हा फरक डोळ्याला दिसेल. शिवाय अशा कॅमेऱ्यांची भिंगं टेलीच्या टोकाला एफ/४ वर थोडी मऊच असतात, कापून मोठं केलं की तो मऊपणाही मोठा होतो.

आणि दोन्ही एकत्रही करता येतं, १.७ लावून ४के घ्या आणि गरज पडली तर थोडं कापा. पूर्ण दोन पट नका कापू, सव्वापट दीडपट पुरतं.

---

वाराखूण

सगळे काचेबद्दल बोलतायत, मी हलण्याबद्दल बोलतो कारण टेलीचे व्हिडिओ बहुतेक तिथेच बिघडतात, काच चांगली असून बिघडतात.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आतल्या जायरोवर चालतं. कॅमेरा किती कोनात हलला ते जायरो सांगतो आणि भिंग तेवढ्याच कोनाची भरपाई करतं. आता पुढे १.७ लावलात की तेवढ्याच हलण्याला चित्र १.७ पट सरकतं, पण जायरोला कन्व्हर्टर दिसत नाही, तो जुन्याच हिशोबाने भरपाई करतो. म्हणजे १.७ मधला १ सावरला गेला आणि ०.७ तसाच राहिला. म्हणजे चित्र मोठं झालं म्हणून नुसतं जास्त हलतंय असं नाही, स्टॅबिलायझेशन अर्धवट काम करतंय म्हणूनही हलतंय. सोनी आणि पॅनासोनिकच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत यासाठीच मेनूत 'कन्व्हर्जन लेन्स' अशी सोय असते, तिथे टेली निवडलं की कॅमेरा स्टॅबिलायझेशन आणि फोकस त्या हिशोबाने करतो. तुमच्या मेनूत शोधा, बऱ्याच लोकांना ती ओळ तिथे आहे हेच माहीत नसतं. कन्व्हर्टर काढल्यावर ते परत बंद करायला मात्र लक्षात ठेवा.

ट्रायपॉडवर असाल आणि कॅमेरा एका जागी असेल तर स्टॅबिलायझेशन पूर्ण बंदच करा, नाहीतर चित्र उगाच हळूहळू वाहत राहतं. ट्रायपॉडवर फ्लुइड हेड (तेलाच्या रोधाने संथ फिरणारं डोकं) हवं, फोटोचं बॉलहेड (गोळ्यावर फिरणारं) पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, सुटताना झटका देतं आणि १००० च्या पुढे तो झटका अख्ख्या फ्रेमएवढा दिसतो. कन्व्हर्टरने कॅमेरा नाकाकडे जड होतो, त्यामुळे प्लेट मागे सरकवून तोल नव्याने साधा, हात सोडल्यावर कॅमेरा पुढे झुकायला नको. मधली दांडी वर काढू नका. रेकॉर्ड बटणाला हात लावायच्या ऐवजी रिमोट किंवा फोनचं अॅप वापरा. वारा असेल तर हूड काढून ठेवा, तेवढं शीडही पुरतं हलायला.

आणि हवेची थरथर. कडक ऊन पडलं की जमिनीवरून गरम हवा वर येते आणि १०० मीटरवरची प्रत्येक गोष्ट पाण्याखाली असल्यासारखी हलते. यावर कुठलाही कन्व्हर्टर उपाय नाही, उलट तो हीच थरथर मोठी करून दाखवतो. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. उन्हात काम करायचंच असेल तर कॅमेरा जमिनीपासून जरा उंच ठेवा आणि मधे काँक्रीट किंवा डांबर येणार नाही, गवत येईल अशी जागा बघा. लोक काचेला दोष देतात आणि दोष हवेचा असतो हे मी खूपदा बघितलंय. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी त्याच खडकाचं चित्रण करून शेजारी शेजारी ठेवून बघा, लगेच कळेल.

---

कुतूहल७

मधेच विचारतो, माझ्याकडे ८ गुणिले ४२ ची दुर्बीण आहे, तीच पुढे बांधली तर? फोनला लावून छान येतं.

---

भिंगरी

फोनला येतं कारण फोनच्या भिंगाचं तोंडच दोन-तीन मिमीचं. तुमच्या दुर्बिणीतून बाहेर पडणारी धार ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिमीची. पाणकाठ यांच्या कॅमेऱ्याला टेलीला २४.७ मिमीची धार लागते, तिथे सव्वापाच दिली की एफ/४ चा थेट एफ/१९ होतो, चित्र काळवंडतं आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) मऊही पडतं. झूम कमी केलात तर या कॅमेऱ्यांत उजेडाचं तोंड काचेच्या बरंच आत असतं, दुर्बिणीला डोळा जितका जवळ लागतो तितकं जवळ जाता येत नाही, मग काळं वर्तुळ येतं. फोनसाठी ठीक, या कॅमेऱ्यासाठी नको.

---

पाणकाठ

केवढी माहिती दिलीत, मनापासून आभार सगळ्यांचे. निळीधार यांचं कापून बघितलं, उन्हातलं खरंच चांगलं येतंय, संध्याकाळचं मात्र दाणेदार. मेनूत 'कन्व्हर्जन लेन्स'ची ओळ सापडली, इतके दिवस तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

आता त्या ५५ मिमीवाल्या १.७ बद्दल सांगा ना. ६२ वर ५५ म्हणजे लहान तोंडाचा कन्व्हर्टर मोठ्या तोंडावर, कडा काळ्या नाही का होणार? आणि वापरलेला घेताना काय काय तपासू?

---

सरळरेघ

वाइडला काळ्या होणार, टेलीला बहुधा नाही, आणि याचं कारण वरच्याच हिशोबात आहे. टेलीच्या टोकाला कॅमेरा बघतो तो कोन जेमतेम साडेतीन अंशांचा, त्यात १.७ च्या कन्व्हर्टरने तो २ अंशांवर येतो. किरण जवळजवळ सरळ येतात आणि काचेच्या मधल्या २५ मिमीतूनच जातात, ५५ आट्यांच्या कन्व्हर्टरची मागची काच त्याहून बरीच मोठी असते. झूम मागे घ्याल तसे किरण तिरपे होऊन काचेच्या कडांवर जायला लागतात आणि कोपरे काळे होतात. ६२ आट्यांचा कन्व्हर्टर आणला तरी हे व्हायचंच, फक्त थोडं उशिरा. टेली कन्व्हर्टर हा झूमच्या शेवटच्या भागापुरताच असतो हे गृहीत धरूनच घ्या, वाइड हवं असेल तेव्हा काढायचा. नाटकात संपूर्ण रंगमंच आणि चेहरा असं झूम करत आतबाहेर जाणार असाल तर कन्व्हर्टर तिथे अडचणच करेल, तिथे दुसरा कॅमेरा वाइडला लावलेला बरा.

रिंग ६२ वरून ५५ वर उतरणारी लागेल, स्टेप-डाउन. कॅमेऱ्यावर यूव्ही फिल्टर असेल तर तो काढा, मधे फिल्टर ठेवला की कन्व्हर्टर पुढे सरकतो आणि कोपरे लवकर काळे होतात.

५५ आट्यांच्या १.७ मध्ये ऑलिंपसचा टीकॉन-१७ आणि पॅनासोनिकचा डीएमडब्ल्यू-एलटी५५ हे दोन माहितीतले आहेत. ५८ वाल्यांत सोनीचा व्हीसीएल-एचजी१७५८ हा १.७ आणि कॅननचा टीएल-एच५८ हा १.५. यातला कुठला मिळत असेल तर निदान काय घेतोय ते माहीत असतं, नाव नसलेल्या नळीपेक्षा हे बरं.

तपासायला टॉर्च घेऊन जा. एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. चिकटवलेल्या काचांच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे पट्टे किंवा चंदेरी डाग दिसले तर चिकटवलेलं सुटायला लागलंय, तेही सोडा. एखाद-दुसरी धूळ किंवा पुढच्या काचेवर बारीक ओरखडा असेल तर चित्रात काही दिसत नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र जास्त त्रास देतो. हलवून बघा, आतून खुळखुळ यायला नको.

---

वाराखूण

एक भर, पट खरी आहे का तेही मोजा. भिंतीवर मोजपट्टी आडवी लावा, कॅमेरा पूर्ण टेलीला, फ्रेममध्ये किती सेंमी मावतात ते आधी कन्व्हर्टर न लावता वाचा मग लावून वाचा, एकाला दुसऱ्याने भागा. २ लिहिलेल्या नळीतून दीडच निघणं काही नवलाचं नाही. त्याच भिंतीवर वर्तमानपत्राची पानं मधे आणि चारी कोपऱ्यांत चिकटवा आणि मोठ्या टीव्हीवर बघा, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच धारदार दिसतं. नंतर पानं गळलेल्या फांद्या उजळ आकाशासमोर घ्या, जांभळी किनार किती ते तिथे लपत नाही.

---

पाणकाठ

घेतला १.७, ५५ आट्यांचा, टॉर्चने बघूनच. भिंतीवर मोजला, १.७ ला अगदी थोडा कमी भरला. पूर्ण टेलीला कोपरे साफ आहेत, झूम निम्म्याच्या जवळ आणला की काळे व्हायला लागतात. फांद्यांवर कडेला किनार आहे पण मधे जवळजवळ नाही. एफ/४ ऐवजी एफ/५.६ ठेवला तर किनार आणखी कमी होते असं वाटतंय, बरोबर आहे का? मग एफ/८, एफ/११ करू का? काल खंड्याची चोच आणि डोळ्यातली चमक पहिल्यांदा नीट मिळाली, खूप आनंद झाला.

दुसरं म्हणजे रिंग आणि कन्व्हर्टर एकमेकांत घट्ट अडकून बसलेत, कन्व्हर्टर फिरवला की रिंगसकट निघतो. जोर लावायची भीती वाटते.

---

भिंगरी

अरे वा, चोचीचं ऐकून फार बरं वाटलं.

एफ/५.६ बरोबर, थोडं बंद केलं की काचेच्या कडेचे किरण गळतात आणि किनार आणि मऊपणा दोन्ही कमी होतात. त्यापुढे नका जाऊ. तुमचा सेन्सर लहान आहे, एफ/८ पासून विवर्तनानेच चित्र मऊ पडायला लागतं आणि एफ/११ ला तर ४के चा काही उपयोगच उरत नाही. ऊन जास्त असेल तर कॅमेऱ्यातला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावा, शटर १/५० च्या आसपास राहू द्या आणि एफ ४.८ ते ५.६ मध्ये धरा.

रिंग अडकलीये तर तशीच राहू द्या की, कन्व्हर्टरलाच कायमची बसवलेली असेल तर काढघाल एका फिरवण्यात होते. सोडवायचीच असेल तर रिंगच्या कडेला रुंद रबर बँड गुंडाळा, पूर्ण गोलावर बोटं पसरून हलका दाब द्या आणि फिरवा. दोन बोटांनी चिमटीत धरून पिळू नका, रिंग दबून लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. पुढच्या वेळी पितळेची रिंग बघा, अॅल्युमिनियमपेक्षा कमी अडकते. आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून चालताना कन्व्हर्टर काढूनच चाला, ते सगळं वजन पुढच्या प्लास्टिकच्या आट्यांवर लटकत असतं.